लघवीची गोळी आणि रक्तातले पोटॅशियम

वर्षावासाचे दिवस होते. मुर्रीच्या विहारात संध्याकाळचे ग्रंथवाचन आटोपले होते आणि बाहेर पाऊस पडत असल्याने कुणी उठायला तयार नव्हते. आमच्या आरोग्य पानाचा विषय निघाला की लोक आपापल्या गोळ्यांबद्दल विचारतात, तसे त्या दिवशीही झाले. एक आजी भिंतीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "बाई, माझे पाय आठ दिवसांपासून जड झाले. सूज तर उतरली, पण पाय उचलत नाहीत." आम्ही म्हटले, आजी, उद्या सकाळी सगळ्या गोळ्या घेऊन या. त्यांनी नातवाला लगेच घरी पाठवले आणि पंधरा मिनिटांत कापडी पिशवी आमच्यासमोर आली.

पिशवीत पाच वस्तू निघाल्या. एक लघवीची गोळी, जिच्यात फ्युरोसेमाइड आणि स्पायरोनोलॅक्टोन अशी दोन औषधे एकत्र होती. रक्तदाबाची गोळी, रॅमिप्रिल. पोटॅशियम क्लोराइडच्या गोड पातळ औषधाची अर्धी बाटली. डायक्लोफेनॅकची पट्टी, रोवणीत कंबर धरली म्हणून दुकानातून आणलेली. आणि नागपूरहून मुलाने आणलेले कमी सोडियमचे मीठ. "बीपीवाल्यांसाठी चांगले असते म्हणून," आजी कौतुकाने म्हणाल्या.

यातली एकही वस्तू एकेकटी पाहिली तर वाईट नाही. प्रत्येक कुणीतरी भल्यासाठीच दिलेली. पण आमच्यातल्या निवृत्त परिचारिका ताईंनी पिशवी पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी सकाळी आजींना गोंदियाला नेले. रक्तातले पोटॅशियम ६.१ निघाले. छातीची पट्टी काढली, तिच्यातही बदल होते. दोन दिवस दाखल करून घेतले. आजी आता ठीक आहेत, आणि नाव न देण्याच्या बोलीवर ही हकीकत लिहायला त्यांनी हो म्हटले आहे.

या गोळीबद्दल आपल्याकडे कुणी बोलत नाही. बीपीची गोळी सगळ्यांना ठाऊक, साखरेची ठाऊक. "लघवीची गोळी" म्हटले की ती एकच असते असा समज आहे. ती एकच नसते.

आधी मूत्रपिंडाचे काम बघू. मूत्रपिंड रक्त गाळते, पण गाळलेले सगळे टाकून देत नाही. लांबलचक बारीक नळ्यांतून ते पाणी जात असताना शरीराला हवे ते मीठ आणि पाणी परत ओढून घेतले जाते. बांधीतून बांधीत पाणी सोडताना प्रत्येक धुऱ्यावर थोडे अडवतो, तसेच. नळीच्या अगदी शेवटच्या भागात एक अदलाबदल चालते: मिठातले सोडियम आत घ्यायचे आणि त्याच्या बदल्यात पोटॅशियम बाहेर, म्हणजे लघवीत, सोडायचे. ही अदलाबदल वाढवण्याचा हुकूम देणारे एक संप्रेरक आहे, अल्डोस्टेरॉन. हृदय कमकुवत झाले किंवा यकृत खराब झाले की शरीराला वाटते आपल्याकडे पाणी कमी पडले आहे, आणि हा हुकूम सारखा सुटत राहतो. मीठ-पाणी अंगात साठते. पाय सुजतात, पोट फुगते, रात्री उशीशिवाय झोपता येत नाही.

नेहमीची फ्युरोसेमाइड किंवा टॉर्सेमाइड ही गोळी नळीच्या मधल्या भागात काम करते आणि जोरात लघवी करवते. पण तिच्यामुळे पोटॅशियमही वाहून जाते. पोटॅशियम फार घसरले तरी वाईट: हातापायांत गोळे येतात, अशक्तपणा येतो, हृदयाचे ठोके चुकतात. म्हणून कित्येकदा तिच्यासोबत पोटॅशियमचे पातळ औषध देतात.

स्पायरोनोलॅक्टोनचे काम वेगळे. ती अल्डोस्टेरॉनचा हुकूम पोहोचूच देत नाही. अदलाबदल थंडावते, मीठ आणि पाणी बाहेर जाते, पोटॅशियम मात्र आत राहते. म्हणून या गटाला पोटॅशियम राखणाऱ्या लघवीच्या गोळ्या म्हणतात. याच गटात एप्लेरेनोन आहे. अमिलोराइड आणि ट्रायमटेरीन हुकुमाच्या भानगडीत पडत नाहीत, ती सोडियम आत येण्याचे दारच बंद करतात. परिणाम मात्र तोच. मधुमेहाच्या मूत्रपिंडविकारासाठी अलीकडे फिनेरेनोन नावाची गोळी निघाली आहे, तीही अल्डोस्टेरॉनलाच अडवते, आणि तिच्याबाबतही पोटॅशियमकडे बघावेच लागते.

आपल्याकडे यातल्या बऱ्याच गोळ्या जोडीने येतात. लॅसिलॅक्टोनमध्ये फ्युरोसेमाइड आणि स्पायरोनोलॅक्टोन असते, डायटॉर प्लसमध्ये टॉर्सेमाइड आणि स्पायरोनोलॅक्टोन. ऑल्डॅक्टोन म्हणजे एकटी स्पायरोनोलॅक्टोन. नावातल्या "प्लस"कडे आपले लक्ष जात नाही, आणि गोंधळ नेमका तिथेच होतो. आजींना आधी साधी फ्युरोसेमाइड होती आणि तिच्यासोबत पोटॅशियमची बाटली. ते बरोबरच होते. मग दुसऱ्या ठिकाणी दाखवल्यावर गोळी बदलून जोडगोळी मिळाली. बाटली बंद करा असे एकतर कुणी सांगितले नाही, किंवा सांगितले ते आजींना ऐकू आले नाही. आजींचे म्हणणे, "अर्धी उरली होती, टाकून कशी द्यायची?" आपल्या घरांत औषध टाकून देत नाहीत, हे आम्हालाही ठाऊक आहे. पट्टीच्या मागे बारीक अक्षरांत औषधाचे खरे नाव असते. घरातल्या शाळेत जाणाऱ्या पोराला ते मोठ्याने वाचायला लावा. तिथे स्पायरोनोलॅक्टोन, एप्लेरेनोन, अमिलोराइड किंवा ट्रायमटेरीन यांपैकी एक नाव ऐकू आले तर पुढचे सगळे तुमच्यासाठी आहे.

पण घाबरून गोळी बंद करू नका, हे आत्ताच सांगतो. ही गोळी माणसे वाचवते. तिचा शोध १९५० च्या दशकाच्या शेवटी लागला. कित्येक वर्षे ती मुख्यतः सूज उतरवायची गोळी म्हणूनच वापरात होती. १९९९ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. हृदय फार कमकुवत झालेल्या १,६६३ रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीच्या औषधांसोबत ही गोळी फक्त २५ मिलिग्रॅमपासून दिली, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधी गोळी. सरासरी दोन वर्षांत बिनऔषधी गटातले ४६ टक्के रुग्ण दगावले, गोळी घेणाऱ्यांतले ३५ टक्के. फरक इतका ठळक होता की अभ्यास मुदतीआधी थांबवला. एवढ्या स्वस्त गोळीने एवढे काम करावे, असे वैद्यकात फार वेळा घडत नाही. आपल्या देशाच्या आवश्यक औषधांच्या यादीत ती आहे आणि जेनेरिक नावाने अगदी थोड्या पैशात मिळते.

पुढे काय झाले तेही वाचकांना माहीत असायला हवे. तो अभ्यास वाचून जगभरच्या डॉक्टरांनी गोळी भराभर लिहायला सुरुवात केली. कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात काही संशोधकांनी वृद्ध रुग्णांच्या नोंदी तपासल्या आणि २००४ साली निष्कर्ष मांडले. रॅमिप्रिलसारखी गोळी आधीच घेणाऱ्या हृदयरुग्णांत ही गोळी लिहून देण्याचे प्रमाण १९९४ साली हजारी ३४ होते, ते २००१ च्या अखेरीस १४९ झाले. त्याच काळात रक्तातले पोटॅशियम वाढून दवाखान्यात दाखल होणारे हजारी २.४ वरून ११ वर गेले, आणि त्यामुळे होणारे मृत्यू हजारी ०.३ वरून २ वर. गोळी तीच होती. पण १९९९ च्या अभ्यासात मूत्रपिंड बिघडलेले रुग्ण घेतलेच नव्हते आणि घेतलेल्यांचे रक्त ठरल्या दिवशी तपासले जात होते. बाहेरच्या जगात म्हाताऱ्या, मधुमेही, मूत्रपिंड थकलेल्या माणसांना ती मिळाली आणि रक्त तपासायचे राहून गेले. उलट स्कॉटलंडच्या टेसाइड भागातल्या नोंदी २०१० साली प्रसिद्ध झाल्या, तेव्हा दिसले की तिथेही गोळीचा वापर असाच वाढला होता, पण पोटॅशियम वाढण्याचे प्रमाण वाढले नाही. तिथे रक्ताच्या तपासण्या वाढल्या होत्या. आम्हाला हे दोन प्रांत शेजारी ठेवून बघावेसे वाटतात. तिथे कुणी फार हुशार किंवा फार मूर्ख नव्हते. फरक एका रक्ततपासणीचा होता.

ती तपासणी कोणती? सीरम पोटॅशियम आणि सीरम क्रिएटिनिन. पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ च्या दरम्यान असावे. गोळी सुरू करण्याआधी एकदा तपासायचे. ते आधीच ५ च्या वर असेल तर डॉक्टर सहसा ही गोळी सुरूच करत नाहीत. सुरू केल्यावर किंवा मात्रा वाढवल्यावर एका आठवड्याने, मग चौथ्या आठवड्याला, मग दुसऱ्या आणि तिसऱ्या महिन्यात, आणि सगळे स्थिर झाल्यावर तीन-चार महिन्यांनी. हृदयरुग्णांसाठीचा सर्वसाधारण नियम असा आहे की आकडा ५.५ च्या वर गेला तर मात्रा अर्धी करतात आणि ६ च्या वर गेला तर गोळी थांबवून ताबडतोब उपचार करतात. हे डॉक्टरांनी करायचे आहे. आपण करायचे ते एवढेच: चिठ्ठीवर "एक महिन्याने या" लिहिले असेल तर विचारायचे, "साहेब, पोटॅशियम कधी तपासायचे?" या प्रश्नाचा डॉक्टरांना राग येत नाही. आणि आला तरी विचारायचा.

रक्त देतानाही एक भानगड असते. दंडाला पट्टा खूप वेळ आवळून ठेवला, मूठ सारखी उघडझाप करायला लावली, किंवा रक्ताची नळी गाडीवर हादरत दूरवर गेली, तर पेशींतले पोटॅशियम बाहेर पडून आकडा खोटाच मोठा येतो. खेड्यातून नमुना शहरात जातो तेव्हा असे घडू शकते. शक्य असेल तर जिथे तपासणी होते तिथेच जाऊन रक्त द्या. पण मोठा आकडा आला की "खोटाच असेल" म्हणून घरी बसू नका. त्याच दिवशी पुन्हा तपासून घ्या, सोबत छातीची पट्टी काढा.

पोटॅशियम वाढले हे अंगाला कळते का? ही या प्रकरणातली सगळ्यात वाईट बाब. बहुतेक वेळा कळत नाही. कधी पाय जड होतात, हातापायांना मुंग्या येतात, थकवा येतो, मळमळते, नाडी मंद होते. पण रोवणीच्या दिवसांत पाय जड कुणाचे नसतात? अंगदुखी म्हणून सोडून देतो आपण. आणि मग काही सूचना न देता हृदयाचे ठोके बिघडतात. म्हणून ही गोळी घेणाऱ्या माणसाला अचानक हातपाय लुळे वाटले, चक्कर येऊन पडला, छातीत धडधड झाली किंवा नाडी फार मंद लागली तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा. गोंदियाला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१६ पासून आहे, मुर्रीहून ते दूर नाही; देवरी-सालेकसाच्या आतल्या गावांतल्या वाचकांना मात्र वेळ हाताशी धरूनच निघावे लागते. दवाखान्यात हृदयाला आधार म्हणून शिरेतून कॅल्शियम देतात, इन्सुलिन आणि ग्लुकोजने पोटॅशियम तात्पुरते पेशींत ढकलतात, फारच झाले तर डायलिसिस. जाताना औषधांची पिशवी सोबत न्या. पिशवी पाहिली की डॉक्टरांचा अर्धा तास वाचतो.

आता आजींच्या पिशवीतल्या बाकीच्या वस्तूंकडे येऊ.

रॅमिप्रिल, एनालाप्रिल, टेलमिसार्टन, लोसार्टन या रक्तदाबाच्या गोळ्या स्वतःच पोटॅशियम थोडे वाढवतात. तरीही हृदयरोगात त्या आणि स्पायरोनोलॅक्टोन मुद्दाम सोबत देतात, कारण दोघींचा मिळून फायदा मोठा आहे. ही जोडी चूक नाही. पण जोडी आहे हे डॉक्टरांना माहीत असले पाहिजे. बीपी एका ठिकाणी आणि सूज दुसऱ्या ठिकाणी दाखवणाऱ्यांचा घोळ इथेच होतो.

दुखण्याच्या गोळीबद्दल आम्हाला जास्त बोलायचे आहे. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, असेक्लोफेनॅक, नेप्रोक्सेन. दुकानात मागा आणि मिळते. धानाच्या हंगामात वाकून वाकून कंबर मोडते, दुसऱ्या दिवशी मजुरीला जायचेच असते, मग सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी. या गोळ्या मूत्रपिंडाकडे जाणारे रक्त कमी करतात. निरोगी तरुण मूत्रपिंड ते सहन करते. पण एकीकडे लघवीच्या गोळीने पाणी काढलेले, दुसरीकडे बीपीच्या गोळीने मूत्रपिंडातला दाब उतरवलेला, त्यात वरून उन्हातान्हात घाम गेलेला, अशा वेळी ही तिसरी गोळी पडली की मूत्रपिंड गळून पडते. चार-पाच दिवसांत क्रिएटिनिन वाढते, आणि लघवीवाटे जाणारे पोटॅशियम अडकते. डॉक्टर मंडळी या तिहेरी जोडीला फार भितात. दुखले तर पॅरासिटामॉल, तेही ठरल्या मात्रेत, हा त्यातल्या त्यात सुरक्षित मार्ग. "दर्दची सुई" टोचून घेण्याआधी सांगा की मी लघवीची गोळी घेतो. आम्ही हे लिहितो आहोत आणि आम्हालाच वाटते की मजुरी बुडवून आराम करा हे सांगणे सोपे आहे, करणे नाही. निदान गरम पाण्याचा शेक, मलम आणि पॅरासिटामॉल एवढे तरी हाताशी ठेवा.

अँटिबायोटिकपैकी एक नाव लक्षात ठेवा: कोट्रायमोक्साझोल, सेप्ट्रान म्हणून ओळखतात. लघवीच्या जळजळीला, जुलाबाला जुनी मंडळी अजून मागून घेतात. त्यातले ट्रायमेथोप्रिम मूत्रपिंडात अगदी अमिलोराइडसारखेच वागते आणि पोटॅशियम अडवते. स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला ही जोडी घातक ठरल्याचे अभ्यास आहेत. लघवीची जळजळ किंवा मूतखडा यांसाठी मिळणाऱ्या काही पातळ औषधांत पोटॅशियम सायट्रेट असते; तेही न विचारता घेऊ नका.

आणि मीठ. कमी सोडियमचे मीठ म्हणजे साध्या मिठातला काही भाग काढून तिथे पोटॅशियम क्लोराइड घातलेले मीठ. साध्या बीपीच्या माणसाला त्याचा फायदा होतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ च्या जानेवारीत ते वापरण्याची शिफारसही केली. पण त्याच शिफारशीत म्हटले आहे की मूत्रपिंड बिघडलेल्यांसाठी आणि ज्यांच्या शरीरातून पोटॅशियम नीट बाहेर जात नाही अशांसाठी ती नाही. आजींच्या मुलाने आईवरच्या मायेने आणले. त्याला कसा दोष द्यायचा? पाकिटाच्या मागे "पोटॅशियम क्लोराइड" असे शब्द असतील तर ते मीठ तुमच्यासाठी नाही. साधे आयोडीनयुक्त मीठच वापरा, फक्त कमी. सैंधव मिठाने फरक पडतो असे कित्येकांना वाटते, पण तेही बहुतांश सोडियम क्लोराइडच. त्याने सूज उतरत नाही.

खाण्याबद्दल लोक सगळ्यात जास्त विचारतात, आणि तिथे आम्ही जरा सैल सोडणार आहोत. तुमचा आकडा ५ च्या आत असेल आणि मूत्रपिंड ठीक असेल तर नेहमीचे वरण-भात-भाजी बिनधास्त खा. भातात पोटॅशियम फारच थोडे असते, आपल्या भागाचे तेवढे तरी भाग्य. रोज एक केळ खाल्ल्याने आभाळ कोसळत नाही. नारळपाण्याचे मात्र वेगळे. एका शहाळ्यात पोटॅशियम सहज पाच-सहाशे मिलिग्रॅमपर्यंत जाते, आणि आजारी माणसाला भेटायला येणारा प्रत्येक पाहुणा शहाळे घेऊन येतो. दिवसाला दोन-तीन शहाळी झाली की झाले. आकडा वाढलेला असेल किंवा क्रिएटिनिन जास्त असेल तर डॉक्टर पथ्य सांगतील, तेव्हा बटाटा, टमाटर, पालक, मुनग्याचा पाला, डाळी यांचे प्रमाण ठरवावे लागते. भाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकून दिले तर बरेच पोटॅशियम निघून जाते. एरवी हे करू नका, जीवनसत्त्वेही त्याच पाण्यात जातात. पुनर्नवा, गोखरू वगैरेंचे काढे "नैसर्गिक आहेत" म्हणून या गोळीसोबत घेऊ नका. झाडपाल्यातही पोटॅशियम असतेच. ज्येष्ठमधाची गंमत उलटी आहे. ते फार खाल्ले तर अल्डोस्टेरॉनसारखे वागते, सूज आणि बीपी वाढवते.

जुलाब-उलट्या लागल्या, ताप आला, किंवा मे महिन्यात तेंदूपत्त्यावर दिवसभर राहून पाणी कमी पडले, तर ती वेळ धोक्याची. अंगातले पाणी गेलेले असताना लघवीची गोळी चालू ठेवणे बरे नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना किंवा आरोग्य केंद्रात विचारा, ते बहुधा एक-दोन दिवस थांबायला सांगतील, आणि पुन्हा कधी सुरू करायची तेही विचारून ठेवा. जीवनजल पाकिटात पोटॅशियम क्लोराइड असते, लिटरमागे दीड ग्रॅम. जुलाबात ते हवेच असते, म्हणून अशा वेळी ते टाळू नका. पण उन्हाळ्यात उगीच सरबतासारखे रोज पिऊ नका.

आता आपल्या भागाचा खास मुद्दा, ज्यासाठी खरे तर हा लेख लिहायला घेतला. सिकलसेल. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात आपल्या समाजात आणि आदिवासी बांधवांत हा आजार किती घरांत आहे, हे वाचकांना सांगायला नको. मध्य भारतातल्या सिकलसेलवरचे नागपूरच्या डॉक्टरांचे लेखन १९५८ साली छापले गेले, तेव्हापासून हे माहीत आहे. देशपातळीवरचे निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी शेजारच्या मध्य प्रदेशात शहडोल येथे सुरू झाले. तपासणी, कार्ड, लग्नाआधीचा सल्ला यांवर आता बरेच बोलले जाते. सिकलसेलने मूत्रपिंडाचे काय होते यावर फारसे नाही.

मूत्रपिंडाच्या आतल्या भागात प्राणवायू मुळातच कमी असतो. तिथे विळ्याच्या आकाराच्या पेशी अडकतात आणि बारीक रक्तवाहिन्या बंद पडतात. त्यामुळे एसएस रुग्णाचे मूत्रपिंड लघवी घट्ट करू शकत नाही. रात्रीतून तीनदा उठावे लागते ते त्यामुळेच, आणि अंगातले पाणी लवकर आटते. दुसरे म्हणजे पोटॅशियम बाहेर टाकण्याची ताकद कमी होते. त्यातच सिकलसेलमध्ये लाल पेशी सतत फुटत असतात आणि पेशींतले पोटॅशियम रक्तात येत राहते. आणि तिसरे, जे डॉक्टरांनाही कधी चकवते: या रुग्णांचे क्रिएटिनिन बरीच वर्षे कमीच दिसते. म्हणून "क्रिएटिनिन ०.८, मूत्रपिंड उत्तम" असे त्यांच्याबाबत म्हणता येत नाही. अशा माणसाला लघवीत प्रथिने जातात म्हणून रॅमिप्रिलसारखी गोळी, हृदयावर ताण आला म्हणून स्पायरोनोलॅक्टोन, आणि दुखणे उसळले की डायक्लोफेनॅक, असे तिन्ही मिळाले तर काय होईल ते वाचकांनी वर वाचलेच आहे. शिवाय कुठलीही लघवीची गोळी पाणी काढते, आणि पाणी कमी पडले की सिकलसेलचे दुखणे उसळते. म्हणून सिकलसेल असलेल्या माणसाने पाय सुजले म्हणून शेजाऱ्याची लघवीची गोळी कधीही घेऊ नये, आणि नवीन डॉक्टरकडे गेल्यावर सिकलसेलचे कार्ड सगळ्यात आधी टेबलावर ठेवावे. लाज वाटून ते पाकिटात राहते, हे आम्ही पाहिले आहे. नुसते वाहक असलेल्यांना सहसा एवढी भीती नाही, पण सांगून ठेवायला त्यांनाही काही जात नाही.

यकृताच्या रुग्णांचे थोडे वेगळे. दारूने किंवा काविळीच्या विषाणूने यकृत आक्रसले की पोटात पाणी होते, आणि तिथे ही गोळी पहिल्या पसंतीची. मात्रा मोठी असते, बहुधा १०० मिलिग्रॅमपासून सुरुवात. हृदयाच्या रुग्णाला २५ आणि याला १०० हे पाहून कुणीतरी म्हणतो, डॉक्टर चुकला. चुकलेला नसतो, आजार वेगळा आहे. या रुग्णांनी रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर वजन करावे. पायाला सूज नसेल तर दिवसाला अर्ध्या किलोपेक्षा, सूज असेल तर एक किलोपेक्षा जास्त वजन उतरता कामा नये. भराभर पाणी काढले तर मूत्रपिंड बसते, माणूस बरळायला लागतो. वजनकाटा घरी नसतो हे खरे. अंगणवाडीत किंवा उपकेंद्रात असतो, आशाताईंना विचारा.

पुरुषांनी एक गोष्ट डॉक्टरांना सांगायला लाजू नये. स्पायरोनोलॅक्टोनने काही पुरुषांची छाती स्त्रियांसारखी फुगते, दुखते. १९९९ च्या त्या अभ्यासात गोळी घेणाऱ्या दहा पुरुषांतल्या एकाला हा त्रास झाला. कित्येक जण कुणाला न सांगता गोळी सोडतात आणि दोन महिन्यांनी दम लागून दाखल होतात. एप्लेरेनोनने हा त्रास फार कमी होतो, गोळी बदलून मिळते, फक्त सांगावे लागते. बायकांत पाळी मागेपुढे होऊ शकते. चेहऱ्यावरचे केस, मुरुमे यांसाठीही तरुण मुलींना ही गोळी देतात. ती चालू असताना गर्भ राहू देऊ नये, मुलाच्या वाढीवर परिणाम होण्याची भीती असते. लग्न ठरले की डॉक्टरांना कळवावे.

घ्यायची कशी? सकाळी, जेवणासोबत किंवा नाश्त्यासोबत, रोज एकाच पद्धतीने. अन्नासोबत ती जास्त चांगली शोषली जाते. तिचा परिणाम दिसायला दोन-तीन दिवस लागतात, म्हणून पहिल्या दिवशी लघवी वाढली नाही म्हणून दुसरी गोळी घेऊ नये. एखाद्या दिवशी विसरली तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्या. दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका.

आजींच्या घरी आता भिंतीवर कॅलेंडर आहे. नातू त्यावर तारखेच्या चौकोनात तीन आकडे लिहितो: वजन, पोटॅशियम, क्रिएटिनिन. बाटली आणि नागपूरचे मीठ गेले. बीपीची गोळी डॉक्टरांनी पुन्हा सुरू केली, आणि तीन आठवड्यांनी स्पायरोनोलॅक्टोनही, आधीपेक्षा कमी मात्रेत, कारण तिच्याशिवाय आजींचा दम वाढत होता. अश्विन पौर्णिमेला आम्ही मुर्रीला गेलो तेव्हा शेवटचा आकडा ४.७ होता. आजींनी आम्हाला चहा दिला आणि विचारले, "कंबर मात्र अजून दुखते बाई. त्याचे काय?" त्याच्यावर पुढच्या अंकात लिहितो असे कबूल करून आलो आहोत.